पेव उघडताना

त्रिशला उपाध्ये कुपवाडहून आली
तेव्हा मी दुसऱ्याच कुणाचं बारसं कापत बसले होते.
म्हणाली, लग्नाची डीव्हीडी आहे माझ्याकडं.
त्यात अप्पा एकदाच दिसतात, दीड सेकंद.
त्याच्या पुढचं असेल ना तुमच्याकडं?
तुम्ही कापलेलं?

नऊ वर्षं झालेली.
प्रोजेक्टची फाइल होती. ती असतेच,
दोन-चार एमबीची, कुठंही मावते.
उघडली,
आणि पडद्यावर पेव फुटलं:
चारशे बारा फाइली सापडत नाहीत.
शोधा. वगळा. सगळ्या वगळा.

हरिपूरला आमचे रावजीमामा हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंडावरची माती काढली की लगेच नाही उतरायचं,
आत कोंडलेली हवा माणूस घेते.
आधी दोराला बांधून कंदील सोडायचा.
विझला तर काठावर बसायचं, पान खायचं.
मी माउसवरचं बोट उचललं.

मग बेतानं आत गेले.
सगळं जागच्या जागी होतं,
प्रत्येक काप, प्रत्येक सांधा.
फक्त चित्रं नव्हती. लाल खोकी,
पंगत उठून गेल्यावर
ओळीनं राहिलेल्या पत्रावळींसारखी.
आणि मधे मधे माझ्याच टिपा:
नवरी शिंकते, ठेव.
ही आत्या दोनदा नको.
अप्पा कान खाजवतात, काढ.

त्रिशला माझ्या मागंच उभी होती.
वाचलं का, ते मी विचारलं नाही.

हरवलेल्या फाइलीखाली तिचा पत्ता लिहिलेला असतो:
एफ, मग सुकुमार, मग उपाध्ये लग्न, मग दिवस दोन.
एफ नावाचं आता काही नाही या यंत्रात.
सुकुमार आहे, बुधगावात,
पशुखाद्याचं दुकान टाकून.
चौदा हजारांवरून तोडलेलं आम्ही.
ट्रायपॉड त्याचा, टेबल माझं,
गणपती पेठेतला हा माळा माझ्या नावावर,
आणि निळी ड्राइव्ह त्यानं उचलली तेव्हा
मीच म्हणाले होते,
ने, मला काय करायचंय जुनं.

फोन लावला.
"निळी? कोपरा फुटलेली?"
"हो."
"आहे की. पुराच्या साली
आधी तीच माळ्यावर टाकली, मग टीव्ही."
यावर काय बोलतात ते मला सुचलं नाही.
उद्या आण म्हणाले.

आला. अंगाला सरकी पेंडेचा वास,
ड्राइव्ह टॉवेलात गुंडाळलेली.
जोडली. यंत्रानं तिला एच म्हटलं.
पहिली फाइल हाताला धरून दाखवावी लागते,
ही बघ, ही तीच.
मग बाकीच्या एकमेकींना हाका मारत येतात.
चारशे नऊ आल्या.

आणि अप्पा आले.
एकोणीस सेकंद.
कान खाजवला. काखेत घडीची लोखंडी खुर्ची,
कुठं ठेवावी ते कळेना.
सरळ भिंगात बघून विचारलं,
"सुरू हाय व्हय?"
मागून सुकुमारचा आवाज, तेव्हाचा, पातळ:
"हाय की काका. बोला."
"काय बोलू? तुम्ही जेवलासा का?"

एवढं मी कापलं होतं,
खुर्ची मधे येते म्हणून.

त्रिशला म्हणाली, परत.
मग परत.
चौथ्या वेळी सुकुमार जिन्यात जाऊन उभा राहिला.

तीन खोकी अजून लाल आहेत.
त्यात काय होतं, त्याला आठवेना, मलाही.
यंत्र विचारतंय, वगळा?
मी खिडकी बंद न करता चहा सांगायला उठले.

चौदा हजारांचं कुणी काढलं नाही.
उतरताना म्हणाला, ड्राइव्ह राहू दे इथंच.
टॉवेल तेवढा दे,
दुकानातला आहे.